ऐकणाऱ्याची जागा : मानसोपचारातील पुराणकथा आणि लोककथा

आजारी किंवा दुःखी माणसाला गोष्ट सांगावी, हा रिवाज मानसशास्त्र नावाच्या विद्याशाखेहून कितीतरी जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात रुग्णासाठी घर कसे बांधावे आणि त्यात कायकाय असावे, याचे तपशीलवार वर्णन येते. भांडीकुंडी, औषधे आणि सेवक यांच्याबरोबर तिथे गाणे-वाजवणे जाणणारी, गाथा, आख्यायिका, इतिहास आणि पुराणे सांगण्यात निष्णात असलेली माणसेही हवीत, असे म्हटले आहे. त्याच ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात औषधाचे तीन प्रकार दिले आहेत. त्यांतला तिसरा सत्त्वावजय, म्हणजे मनाला अहितकर विषयांपासून आवरणे. या दोन गोष्टींची सांगड घालून चरकाने कथेच्या उपचाराचे शास्त्र रचले, असा दावा करता येणार नाही. पण आजाऱ्याच्या घरात कथेकऱ्याला वैद्याने जागा दिली होती, एवढे नक्की.

आजच्या मानसोपचारात ही जागा वेगळ्या वाटेने परत मिळाली आहे. समुपदेशक किंवा मनोविकारतज्ज्ञ रुग्णाशी बोलताना एखादी कथा सांगतो, रुग्णाला आठवणारी कथा सांगायला लावतो, ती बदलायला, पुढे न्यायला, कधी नाटक करून दाखवायला सांगतो. यासाठी वापरले जाणारे साहित्य ढोबळपणे दोन प्रकारचे असते. पुराणकथेत देव, ऋषी, अवतार, पूर्वज असतात आणि ती ज्या समाजाची असते तो तिला पवित्र मानतो. लोककथा आटपाट नगरात घडते, तिच्यातल्या राजाला बहुधा नाव नसते आणि ती खरी आहे असा कोणाचा आग्रह नसतो. हा फरक उपचारात फार महत्त्वाचा ठरतो. रामायणातल्या प्रसंगावर शंका घेताना श्रद्धाळू माणूस अडखळतो, अपराधी होतो. म्हातारीने वाघाला फसवले ते बरोबर की चूक, यावर मात्र तो मोकळेपणाने भांडतो. उलट, मरणाच्या किंवा मोठ्या वियोगाच्या दुःखात लोककथा अपुरी पडते आणि पुराणकथेमागचे श्रद्धेचे बळच उपयोगी पडते. दोन्हींच्या मधे महाराष्ट्रातल्या चातुर्मासातल्या कहाण्या येतात. त्यांत देव आहेत, पण घर, सासू, सून, गाय, वासरू, दूध आणि भूक हाच त्यांचा खरा विषय आहे.

कथेने मनावर काम कसे करायचे, याचा सर्वांत पूर्ण नमुना महाभारताच्या वनपर्वात आहे. द्यूतात राज्य गेलेले, भर सभेत द्रौपदीची विटंबना झालेली, अर्जुन अस्त्रे मिळवायला दूर गेलेला. अशा वेळी युधिष्ठिर बृहदश्व ऋषींना विचारतो की, आपल्याहून अभागी राजा या पृथ्वीवर कोणी झाला आहे का? हा प्रश्न निराश माणसाचा आहे. असा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नको असते, दुजोरा हवा असतो. बृहदश्व दुजोरा देत नाहीत, समजूतही घालत नाहीत आणि जुगार खेळल्याबद्दल बोलही लावत नाहीत. ते नळराजाची कथा सांगायला घेतात.

नळही द्यूतातच हरलेला आहे, तोही आपल्याच भावाशी खेळून. त्याच्याबरोबरही वनात पत्नी आहे. इथपर्यंत युधिष्ठिराला स्वतःचाच चेहरा दिसतो. मग कथा त्याच्यापासून दूर जाऊ लागते. युधिष्ठिराभोवती भाऊ आहेत, ब्राह्मण आहेत. नळाजवळ कोणीही नाही. आणि नळ असे काही करून बसतो, जे युधिष्ठिराने केलेले नाही. तो झोपलेल्या दमयंतीचे अर्धे वस्त्र फाडून घेतो आणि तिला रानात एकटी टाकून जातो. लाजेने मोडलेला माणूस ज्याच्यावर सर्वांत जास्त प्रेम आहे त्याच्यापासूनच पळतो, हे निरीक्षण इतक्या स्पष्टपणे फार थोड्या ग्रंथांत आले असेल.

या कथेत कलीचे पात्र विशेष लक्ष देण्यासारखे आहे. नळाच्या हातून शुचितेचा एक लहानसा नियम चुकतो, तेवढ्या फटीतून कली त्याच्या शरीरात शिरतो आणि द्यूताचे वेड त्याला लागते. पुढे कर्कोटक नाग नळाला दंश करतो, तो विद्रूप होतो, बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन राहतो. पण त्या विषाचा दाह नळाला होत नाही, आत बसलेल्या कलीला होतो. शेवटी प्रवासात ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडावरची पाने आणि फळे एका नजरेत मोजून दाखवतो. त्या काळी बेहड्याची फळेच फासे म्हणून वापरत. नळ त्याला अश्वविद्या देतो आणि त्याच्याकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकतो. ते शिकता क्षणी कली विष ओकत बाहेर पडतो. व्यसन माणसात शिरते, पण ते म्हणजे तो माणूस नव्हे, आणि तरीही ते घालवायला त्यालाच काही शिकावे लागते, ही मांडणी आजच्या व्यसनमुक्तीच्या कामात रोज लागते. कथा संपल्यावर बृहदश्व ऋषी युधिष्ठिरालाही अक्षहृदय शिकवतात, कारण त्याला पुन्हा कोणी खेळायला बोलावील ही भीती आहे. म्हणजे कथा सांगून ते थांबले नाहीत, कथेने तयार झालेल्या मनाला कौशल्यही दिले.

युधिष्ठिर मात्र एका कथेने बरा होत नाही, आणि महाभारत हे लपवत नाही. जयद्रथाने द्रौपदीला पळवून नेल्यानंतर तो जवळजवळ तोच प्रश्न मार्कंडेय ऋषींना विचारतो. त्या वेळी त्याला रामाची कथा मिळते. द्रौपदीसारखी दुसरी स्त्री झाली आहे का, असे विचारल्यावर सावित्रीची. दुःख परत येते तेव्हा जुनी कथा पुन्हा सांगून भागत नाही, नवी निवडावी लागते. कोणती, हे दुःख कोणते आहे त्यावर ठरते. उपचारकाचे बहुतेक कसब या निवडीत असते.

भारतीय मनोविकारशास्त्रात याच वाटेवरचा एक आग्रही लेख डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी २००४ साली ‘इंडियन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’मध्ये लिहिला. विग चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील मनोविकार विभागाचे संस्थापक मानले जातात. त्यांनी ज्या प्रसंगाला हनुमान-गंड असे नाव दिले, तो किष्किंधाकांडाच्या शेवटी येतो. शंभर योजने समुद्र ओलांडायचा आहे. वानर एकेक करून आपली उडी किती ते सांगतात. कोणी दहा योजने, कोणी वीस. म्हातारा जांबवान नव्वदपर्यंत जाऊ शकतो. अंगद शंभर जाईल, पण परत येण्याची खात्री नाही. हनुमान एका बाजूला गप्प बसला आहे. लहानपणच्या खोड्यांमुळे ऋषींनी त्याला शाप दिला होता की, कोणी आठवण करून देईपर्यंत तुला तुझ्या बळाची जाणीव राहणार नाही. जांबवान त्याच्याजवळ जातो आणि त्याला त्याचीच कथा सांगतो: तू कोणाचा मुलगा, कसा जन्मलास, सूर्याला फळ समजून कसा झेपावलास. तो उपदेश करत नाही, धीरही देत नाही. हनुमान ऐकता ऐकता वाढू लागतो.

विग यांच्या मते मनोपचाराचे काम बरेचसे असेच असते. रुग्णाजवळ असलेली पण विसरलेली शक्ती त्याला परत दाखवणे, हे त्याचे सार. या वाचनात भर घालण्यासारखे आणखी एक आहे. जांबवानाने हनुमानाचे मौन आधी ओळखले. इतर सगळे आपापली उडी सांगत असताना जो बोलत नाही, त्याच्याकडे त्याचे लक्ष गेले. समुपदेशनाच्या गटात हे लक्ष नसेल, तर कितीही चांगली कथा निवडली तरी ती भलत्याच माणसाला सांगितली जाते.

पाश्चात्त्य मानसोपचार पुराणकथेकडे वळला तो आधी पुरावा म्हणून, औषध म्हणून नव्हे. फ्रॉइडने १९०० सालच्या स्वप्नविषयक ग्रंथात ईडिपसची कथा मांडली ती मुलाच्या मनातल्या दडपलेल्या इच्छेचा दाखला म्हणून. त्याचा सहकारी ऑटो रँक याने १९०९ साली वीरपुरुषांच्या जन्मकथांवर पुस्तक लिहिले. त्यात सार्गोन, मोझेस आणि ईडिपस यांच्याबरोबर पाण्यात सोडून दिलेल्या कर्णाचीही कथा आहे. कार्ल युंग पुढे गेला. पुराणकथांतल्या प्रतिमा सर्व मानवजातीच्या मनात खोलवर असतात, असे त्याने मांडले आणि रुग्णाने स्वतःच्या स्वप्नातल्या प्रतिमांशी संवाद करावा, अशी पद्धत घालून दिली. त्याची शिष्या मारी-लुईझ फॉन फ्रान्झ हिने परीकथांचे विश्लेषण हेच आपले आयुष्यभराचे काम मानले.

हे सिद्धांत भारतात आले तेव्हा ते जसेच्या तसे लागू पडेनात. कोलकात्यात १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन करणारे गिरींद्रशेखर बोस यांनी फ्रॉइडला पत्रातून कळवले होते की, युरोपीय रुग्णांत दिसणारी खच्चीकरणाची भीती त्यांच्या भारतीय रुग्णांत तेवढी तीव्र नाही. पुढे ए. के. रामानुजन यांनी दाखवले की, भारतीय कथांत बाप-मुलाचा झगडा उलट दिशेने चालतो. ययाती पुरूचे तारुण्य मागून घेतो. शंतनूच्या लग्नासाठी भीष्म स्वतःचे लग्न सोडतो. मुलगा बापाला मारत नाही, बापासाठी स्वतःला कापून देतो. सुधीर कक्कर यांनी १९७८ सालच्या ‘द इनर वर्ल्ड’ या ग्रंथात भारतीय बालपण आणि पुराणकथा यांचा संबंध असाच तपासला. वडिलांच्या इच्छेला नकार देता न आल्याने घुसमटलेल्या मराठी तरुणापुढे ईडिपसपेक्षा पुरूची कथा ठेवणे का योग्य, हे या अभ्यासांमुळे स्पष्ट होते.

परीकथा मुलांच्या मनासाठी आवश्यक असतात, हे मत जगभर पोहोचवले ब्रूनो बेटलहाइम याने, १९७६ साली. भीती, मत्सर, टाकून दिले जाण्याचा धसका या भावना मुलाला बोलून दाखवता येत नाहीत. कथेतल्या राक्षसाकडे आणि सावत्र आईकडे बघत ते त्यांना सामोरे जाते, असे त्याचे म्हणणे. मूळ कल्पनेत तथ्य आहे. पण हे पुस्तक सावधपणे वाचावे लागते. त्यातला बराच भाग आधीच्या एका अभ्यासकाकडून श्रेय न देता घेतल्याचा आरोप लोकसाहित्याचे अभ्यासक अ‍ॅलन डंडेस यांनी केला. त्याहून महत्त्वाचे असे की, ज्या सावत्र आईवर त्याने मोठा सिद्धांत उभारला, ती कित्येक कथांत नंतर आलेली आहे. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत स्नोव्हाइटचा जीव घेऊ पाहणारी राणी तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. एरिख फ्रॉम याने लाल टोपीवालीच्या कथेतल्या टोपीचा लैंगिक अर्थ लावला, तेव्हा इतिहासकार रॉबर्ट डार्नटन यांनी दाखवून दिले की फ्रेंच शेतकरी सांगत त्या मूळ कथेत टोपीच नाही. छापील पुस्तकातल्या तपशिलावर मनाचा सिद्धांत रचताना ती कथा कोणाच्या तोंडून आली आणि कोणाच्या हातून गेली, हे आधी पाहायला हवे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कथेचा प्रत्यक्ष उपचारात वापर वाढला. एरिक बर्न याने १९७२ च्या ग्रंथात मांडले की, लहानपणी मनात ठसलेल्या कथेबरहुकूम माणूस नकळत आयुष्य जगत राहतो. म्हणून तो रुग्णाला त्याच्या आवडत्या गोष्टीबद्दल विचारी. अमेरिकेतला मिल्टन एरिक्सन आडवळणाच्या छोट्या गोष्टी सांगून रुग्णाच्या सवयी बदलत असे. इराणात जन्मलेले आणि जर्मनीतील वीसबाडेन येथे काम केलेले नोसरत पेझेश्कियान यांनी पूर्वेकडच्या बोधकथा, मुल्ला नसरुद्दीनच्या गोष्टी आणि म्हणी यांना आपल्या पद्धतीत मानाचे स्थान दिले. ऑस्ट्रेलियाचे मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडचे डेव्हिड एप्स्टन यांनी १९९० साली मांडलेल्या कथनोपचारात समस्या माणसापासून वेगळी करून तिला नाव दिले जाते आणि तिच्याशी बोलले जाते. बाहेर काढलेल्या कलीचीच ही आधुनिक रीत म्हणता येईल. एकनाथांच्या विंचवाच्या भारुडात कामक्रोधाला विंचवाचे रूप देऊन त्याची नांगी आणि त्याचा उतारा जाहीरपणे गाऊन दाखवला आहे. गावासमोर आपला विकार असा नाचवता येणे, यात लाज कमी करण्याची मोठी ताकद आहे.

महाराष्ट्रातल्या कहाण्यांत ऐकणे हेच औषध आहे, असे स्वच्छ सांगितलेले आढळते. आदित्यराणूबाईच्या कहाणीत एका ब्राह्मणाच्या दोन मुली, एक राजाकडे दिलेली आणि एक प्रधानाकडे. बाप भेटायला येतो आणि आपली कहाणी ऐकायला सांगतो. राणीला वेळ नसतो. प्रधानाची बायको ऐकते. न ऐकणारीच्या घरी दारिद्र्य येते. पुढे तिला ती कहाणी ऐकायला मिळते, आणि परतीच्या वाटेवर कोणीतरी उपाशी, दुःखी माणूस शोधून त्याला ती सांगितल्याशिवाय जेवायचे नाही, असा नेम असतो. मोळीविक्या भेटतो, विहीर आटलेला माळी भेटतो, मुलगे गमावलेली म्हातारी भेटते. प्रत्येकजण ऐकतो आणि ज्याचे जे हरवले ते त्याला मिळते. कथेचा चमत्कार बाजूला ठेवला तरी तिची बांधणी विचारात घेण्यासारखी आहे. ज्याला कथेने सावरले, त्याने ती पुढच्या दुःखिताला सांगायची. व्यसनमुक्तीच्या स्वमदत गटांत नेमके हेच घडते.

सोमवारची खुलभर दुधाची कहाणी समूहात वापरायला त्याहून सोपी. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा आहे. दवंडी पिटली जाते आणि गावातले सगळे दूध देवळात जाते; वासरे उपाशी, लेकरे उपाशी. गाभारा काही भरत नाही. दुपारी एक म्हातारी घरातल्या लेकराबाळांना पाजते, वासरांना सोडते, सुनांना खाऊ घालते आणि उरलेले खुलभर दूध घेऊन देवळात जाते. तेवढ्याने गाभारा भरून वाहतो. दीर्घ आजाऱ्याची सेवा करणाऱ्या बायकांच्या गटात ही कहाणी सांगून झाल्यावर एवढेच विचारावे की, आपल्या घरात दूध आधी कोणाला मिळते? मग थांबावे. जी बाई महिनोन्महिने स्वतःच्या थकव्याबद्दल बोलली नाही, ती वासराबद्दल बोलू लागते. तिला मधेच थांबवून “म्हणजे तुम्हीच ते वासरू” असे म्हटले, की ती पुन्हा गप्प होते. अर्थ तिने काढायचा असतो. काढलाच नाही, तरी चालते.

कथा सांगण्याने काय होते, याबद्दल लोककथांनाच काही माहीत असते. रामानुजन यांनी नोंदवलेल्या एका तमिळ कथेत एक विधवा दोन मुलगे आणि दोन सुनांबरोबर राहते. चौघेही तिला छळतात. सांगायला कोणी नाही म्हणून दुःख पोटात साठून ती लठ्ठ होत जाते, आणि त्यावरूनही तिची टवाळी होते. एक दिवस ती गावाबाहेरच्या छप्पर उडालेल्या पडक्या घरात जाते आणि एका भिंतीला पहिल्या मुलाचे गाऱ्हाणे सांगते. भिंत त्या ओझ्याखाली कोसळते आणि बाई तेवढी हलकी होते. दुसऱ्या भिंतीला सुनेचे, असे करत चारही भिंती पडतात. ती हलक्या अंगाने घरी परतते. मुलगे सुधारले, असे कथा म्हणत नाही. मराठी बायकांनी हेच काम जात्याकडून करून घेतले. गी पॉइत्वँ आणि हेमा राईरकर यांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर जाते. त्यांत सीतेचा वनवास पुन्हा पुन्हा येतो. तिथे सीता देवी म्हणून येत नाही, आपल्यासारखीच सासुरवाशीण म्हणून येते, आणि दळणारी तिच्याशी सुखदुःख बोलते.

प्रत्यक्ष उपचारात कथा कधी आणि कशी आणावी, याचे काही आडाखे अनुभवी समुपदेशक पाळतात. पहिल्या भेटीत कथा सांगू नये. रुग्णाला आपले बोलणे टाळले गेले, असे वाटते. आधी त्याची स्वतःची हकीकत पुरी ऐकावी आणि ती जिथे अडते त्या जागेशी मिळतीजुळती कथा शोधावी. साम्य फार जवळचे असेल तर तो दुखावतो, फार दूरचे असेल तर कंटाळतो. नळ आणि युधिष्ठिर यांच्यात जेवढे अंतर आहे, तेवढे योग्य. कथा वाचून दाखवण्यापेक्षा सांगावी, कारण सांगताना डोळ्यांकडे बघता येते. संपल्यावर बोध विचारू नये. कोणता प्रसंग डोळ्यांसमोर राहिला, एवढे विचारणे पुरते. मुलांच्या बाबतीत तर प्रश्नही नको. मातीच्या बाहुल्या किंवा कागद-रंग पुढे ठेवले की मूल स्वतःच ठरवते. चिऊ-काऊच्या गोष्टीत बहुतेक मुले मेणाच्या घरातल्या चिमणीच्या बाजूने असतात. जे मूल पावसात दार ठोठावणाऱ्या, शेणाचे घर वाहून गेलेल्या कावळ्याचे चित्र काढते, त्याने आपल्या घराबद्दल बरेच काही सांगितलेले असते.

कीर्तनाची रचना इथे तुलनेला उपयोगी आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंगाचे निरूपण होते आणि उत्तररंगात आख्यान. तत्त्व आधी, कथा नंतर. कीर्तनकाराला श्रोत्यांना एका ठिकाणी न्यायचे असते, म्हणून तो क्रम बरोबर आहे. उपचारकाने नेमके उलटे करायचे असते, कारण रुग्णाने कुठे पोहोचायचे हे त्याला माहीत नसते.

या साधनाचे धोके गंभीर आहेत आणि ते चांगल्या हेतूनेच उद्भवतात. नवऱ्याची मारहाण सोसणाऱ्या बाईला सीतेची किंवा सावित्रीची कथा सांगणे म्हणजे तिला सोसायला सांगणे. कथा सांगणाऱ्याच्या मनात तसे नसले, तरी ऐकणारीच्या घरात, शाळेत आणि शेजारात त्या कथेचा तोच अर्थ लावला गेलेला असतो. अशा वेळी आधी तिची सुरक्षितता, कायद्याची मदत, निवारा. कथा नंतर, आणि तीही तिने मागितली तर. जातीचेही तसेच. एकलव्याची कथा गुरुभक्तीची म्हणून सांगितली जाते. ज्याच्या पिढ्यांना शिक्षण नाकारले गेले, त्याला ती कापलेल्या अंगठ्याची कथा म्हणूनच ऐकू येते, आणि त्याचे ऐकणे खरे आहे. वामनाने बळीला पाताळात घातल्याची कथा पुराणात विष्णूच्या विजयाची आहे. महाराष्ट्रातला शेतकरी मात्र बळीचे राज्य परत येण्याची वाट पाहतो, आणि जोतीराव फुले यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त ही कथा बळीच्या बाजूने उभी केली. एकच कथा दोन माणसांसाठी दोन असते. म्हणून रुग्ण कोणत्या घरातला, कोणत्या जातीधर्माचा, त्याने ही कथा कोणाकडून ऐकली, हे न विचारता उपचारकाने स्वतःच्या लहानपणची आवडती कथा त्याच्यावर लादणे, ही या क्षेत्रातली सर्वांत नेहमीची चूक आहे. मुस्लिम, ख्रिस्ती, बौद्ध आणि आदिवासी घरांच्या स्वतःच्या कथा असतात. त्या शिकून घेण्याला पर्याय नाही.

वैद्यकीय मर्यादाही आहेत. तीव्र मनोविकृतीत, जिथे रुग्णाला देवांचे आवाज ऐकू येतात किंवा आपण अवतार आहोत असे वाटते, तिथे पुराणकथा भ्रमाला खतपाणी घालते. अशा वेळी ती पूर्णपणे टाळावी आणि औषधोपचार आधी व्हावा. तीव्र नैराश्यात आत्महत्येचा विचार असेल, तर कथेत वेळ घालवणे धोक्याचे. उपयुक्ततेचा पुरावा अजून तरी मुख्यतः रुग्णवृत्तांतांच्या स्वरूपातला आहे. पद्धतशीर तुलनात्मक अभ्यास थोडे आहेत आणि लहान आहेत. कथा ही स्वतंत्र उपचारपद्धती नसून इतर पद्धतींतले एक साधन आहे, असे मानणे म्हणूनच योग्य.

उपचाराबाहेर, निरोगी माणसाच्या आत्मविकासासाठी कथा वापरण्याची लाट जोसेफ कॅम्पबेल याच्या १९४९ सालच्या वीरपुरुषाच्या प्रवासावरील ग्रंथातून आली. घर सोडणे, कसोटी आणि परत येणे हा त्याचा आराखडा कार्यशाळांतून सर्रास वापरला जातो. तो उपयोगी आहे, पण सगळ्या कथा त्यात बसत नाहीत. मॉरीन मर्डॉक हिने १९९० साली स्त्रीच्या प्रवासाचा वेगळा आराखडा मांडला तो याच असमाधानातून. मराठी कहाणीतली नायिकाही कुठे जिंकायला जात नाही. तिला वसा मिळतो, सुखात ती तो विसरते, सगळे जाते, मग आठवण होते आणि ती पुन्हा नेमाने करू लागते. वाढ म्हणजे दूर जाणे, यापेक्षा घेतलेले न सोडणे, ही कल्पना मध्यमवयातल्या, घर आणि नोकरी सांभाळणाऱ्या माणसाला जास्त जवळची वाटते.

शिवाय एकच कथा वेगवेगळ्या वयांत वेगळी दिसते. शिवाजी सावंतांच्या १९६७ सालच्या ‘मृत्युंजय’मुळे कर्ण मराठी तरुणांच्या कित्येक पिढ्यांचा झाला. विशीतला वाचक कर्णात अन्याय पाहतो: नाकारलेली स्पर्धा, हिणवलेले कूळ, न मिळालेली ओळख. ज्याला दत्तक घेतले गेले आहे किंवा ज्याने दत्तक घेतले आहे, त्याने मूळ उद्योगपर्वातला कृष्ण-कर्ण संवाद वाचावा. कृष्ण त्याला त्याचा खरा जन्म सांगतो आणि राज्य देऊ करतो. कर्ण म्हणतो की, आपल्याला पाहून मायेने राधेला लगेच पान्हा फुटला, तिनेच आपले मलमूत्र काढले, अधिरथाने आपले जातकर्म केले आणि आपण मनाने त्यालाच बाप मानतो. तो कुंतीचा मुलगा असल्याचे नाकारत नाही. राधेचा असल्याचे सोडत नाही. दत्तक मुलांच्या पालकांच्या गटांत हा प्रसंग सांगितला जातो तेव्हा चर्चा बहुधा कृष्णाच्या देकारावर होत नाही. ती राधेवर होते, जिच्याबद्दल महाभारतात फार थोडे लिहिलेले आहे.